सभाघराच्या फळ्या

आमच्या गावाचं नाव स्कोवलुन, म्हणजे वनराई. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा एकही झाड नव्हतं. आयोवाच्या या माळावर नजर जाईल तिथवर गवत होतं आणि गवताच्या पलीकडे आणखी गवत. पण डेन्मार्क सोडून आलेल्या माणसांना एक खोड होती. मागे राहिलेल्या गोष्टीचं नाव ती पुढ्यातल्या गोष्टीला देऊन टाकत. माझा बाप त्यांतलाच. आईनं बोटीतून उतरल्यावर डोळे पुसले ते पुसले, पण बाप मरेपर्यंत घराच्या आठवणीनं मुळूमुळू रडत राहिला आणि वर आम्हाला सांगत राहिला, की इथली हवा धुळीची आहे.

घरं अजून मातीच्या ढेकळांची होती, पावसात डोक्यावर चिखल गळायचा, पण सभाघर मात्र पहिल्याच वर्षी लाकडाचं उभं राहिलं. शेजारचे जर्मन शेतकरी हसले. या लोकांना आधी गोठा लागतो की नाचायला जागा, असं विचारू लागले. आम्हाला नाचायला जागा लागत होती. जमीन म्हणजे नुसतं काम. तिच्यावर फळ्या ठोकल्या की मग गाता येतं, कवायत करता येते, भाषण ऐकता ऐकता पेंगता येतं. पहिल्या नाताळाला झाड मिळेना, तेव्हा मॅड्स क्लेमेन्सेननं बैलगाडीचा दांडा उभा केला, त्याला भोकं पाडली, भोकांत ओढ्याकाठच्या काटक्या खोचल्या आणि काटक्यांना हिरवा कागद गुंडाळला. त्या दांड्याभोवती हातात हात धरून लोक गात गात फिरले आणि ढसाढसा रडले. तो दांडा पुढे कायम सभाघराच्या भिंतीवर टांगलेला असे.

नियमही मॅड्सनंच घातला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झाड उभं करायचं. झाड हजर असलेल्या सर्वांत उंच माणसापेक्षा उंच हवं, त्यावरच्या मेणबत्त्या पेटलेल्या हव्यात, आणि त्याच्याभोवती हातात हात धरून रिंगण पुरं झालं पाहिजे. जोवर रिंगण पुरं होतंय तोवर हे घर आपलं. ज्या वर्षी होणार नाही त्या वर्षी रडत बसायचं नाही, फळ्या मोडून वाटून घ्यायच्या आणि केक खाऊन घरी जायचं. रिकाम्या घराची राखण करणाऱ्या माणसासारखं केविलवाणं जगात काही नाही, असं मॅड्स म्हणायचा. त्या वेळी सगळे हसले असणार, कारण रिंगणं तेव्हा एकात एक अशी तीन व्हायची. आतलं पोरांचं, मधलं तरण्यांचं, बाहेरचं म्हाताऱ्यांचं. आगगाडीनं झाड यायचं आणि ते उचलायला गावातले सगळे गडी लागायचे.

पहिल्या महायुद्धात परक्या भाषेत चारचौघांत बोलायला बंदी आली, तेव्हा आम्ही तोंड मिटून नुसतं गुणगुणत फिरलो. दुसऱ्या महायुद्धात पोरं गेली. काही तिकडेच राहिली, आणि जी परत आली ती ओमाहाला नाहीतर कॅलिफोर्नियाला गेली. तीन रिंगणांची दोन झाली, दोनाचं एक झालं. मग आम्ही लबाडी सुरू केली. झाड दरवर्षी थोडं लहान आणायचं, म्हणजे रिंगण लहान पुरतं. ताडमाड होल्गर वारल्यापासून गावात सर्वांत उंच माणूस सिग्वाल्ड उरला होता, आणि सिग्वाल्ड दरवर्षी थोडा वाकत होता. जितका तो वाकायचा तितकं झाड कमी. मी त्याला म्हणायचे, "सिग्वाल्ड, अजून पाच वर्षं असाच वाकत राहा, मग झाड कुंडीत लावू." तो म्हणायचा, "वाकतोय ते तुझ्या सभाघरासाठीच गं बाई. नाहीतर माझी कंबर ताठ आहे."

तो उगीच तुझं सभाघर म्हणत नसे. मी सभाघराची अध्यक्ष होते. लग्न केलं नाही, मूल नाही. किल्ली माझ्याकडे, झाडू माझ्याकडे, एब्लेस्कीवर नावाचे गोल गोड केक भाजायचे खळग्यांचे लोखंडी तवे माझ्याकडे. दर वर्षी कॉफीनंतर मॅड्सचा नियम मोठ्यानं म्हणायचा मानही माझा. सभाघर गेलं असतं तर पेट्रेआ बुनगोर नावाच्या बाईचं गावात काय काम उरलं असतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

आता माझ्या बहिणीबद्दल.

अमेरिकेत आलेले डॅनिश लोक दोन प्रकारचे. आम्ही नाचरे. देवाला मानतो, पण त्याला नाच आवडत नसेल असं मानत नाही. दुसरे सोवळे. त्यांना नाच, पत्ते आणि मोठ्यानं हसणं या तिन्ही गोष्टींत सैतान दिसतो. सोवळ्यांचं गाव बेथानिया, ओढ्याच्या पलीकडे. त्यांचा पाळक आमच्या सभाघराला नरकाची ओसरी म्हणायचा. आम्ही म्हणायचो, ओसरीवर कॉफी तरी चांगली मिळते.

माझी धाकटी बहीण वालबोर्ग गावातली सर्वांत चांगली नाचणारी होती. रिंगणात तिची जागा माझ्या डाव्या हाताला. हे ठरलेलंच होतं, ती चालायला लागली तेव्हापासूनचं. आणि ही पोर गेली आणि सोवळ्यांच्या लाउरित्सच्या प्रेमात पडली. माणूस वाईट नव्हता. अबोल, कष्टाळू, हात मोठे. पण लग्नाआधी बेथानियाच्या देवळात, सगळ्यांसमोर, त्यानं तिच्याकडून शब्द घेतला, की ती पुन्हा कधी नाचणार नाही आणि त्या सभाघरात पाऊल टाकणार नाही. तिनं दिला. बाप म्हणाला, दिलाय तर पाळेल, आमच्या घरात शब्द मोडत नाहीत. असा बाप असल्यावर पोरीनं दुसरं काय करायचं?

ओढ्यावरचा पूल ओलांडून तिच्या घरी पोचायला जेमतेम पाव तास लागतो. तरी चाळीस वर्षांच्या वर आम्ही दोघी भेटलो त्या किराणा दुकानात, दफनाला आणि अंडी विकायला. कोंबड्यांबद्दल बोलायचो. तुझ्या बसतात का खुडूक, माझ्या नाही बसत. मी तिच्या घरी गेले नाही, कारण लाउरित्सचं तोंड बघायचं नव्हतं. ती माझ्या घरी आली नाही, कारण मी बोलावलं नाही. मला तिची आठवण यायची. रिंगणात दुसऱ्या कुणाचा हात डाव्या हातात आला, की जास्त यायची. बरीच वर्षं तिथं गुद्रुन होती, होल्गरची बायको. चांगली बाई, हात गरम. पण मी तो हात वालबोर्गचा समजून कधी धरला नाही.

लाउरित्स वारला त्याच्या दफनानंतर मी दुकानात तिला विचारलं, "आता तरी येशील?"

ती बटाटे निवडत होती. म्हणाली, "शब्द त्याला दिलाय, पेट्रेआ. सोडवून घ्यायला आता तो आहे कुठे?"

मला असा राग आला की मी मीठ न घेताच घरी आले. जिवंत नवऱ्याशी भांडता येतं, मेलेल्याशी काय भांडणार? पण त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी सभाघराला कुलूप लावलं आणि सहज मागे फिरले, तर पूर्वेच्या खिडकीखाली बर्फात पावलं होती. बाईच्या बुटांची. पुलाकडून आलेली, खिडकीपाशी बराच वेळ थांबून बर्फ तुडवलेली, आणि तशीच पुलाकडे परत गेलेली. पुढच्या वर्षीही तसंच. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त दर वर्षी त्या खिडकीच्या काचेवरचं दव गोठलं की ते आतून खरवडून ठेवायचे, आणि एस्टर तिथं पडदा लावायला निघाली तर तिच्या अंगावर ओरडायचे. एस्टर शाळेत शिकवते, मला मावशी म्हणते, आणि तिला पडद्यांची फार हौस.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी उन्हाळ्यात गुद्रुन कॅलिफोर्नियाला लेकाकडे गेली. आम्ही सहाजण उरलो. मी, सिग्वाल्ड, एस्टर आणि तिचा नवरा वेर्नर, आणि म्हातारं जोडपं, मार्टिनुस आणि किर्स्टिने. शेतकऱ्यांच्या संस्थेला धान्याची कोठी बांधायला जागा हवी होती आणि आमचीच जागा रेल्वेच्या कडेला होती. त्यांनी रीतसर विचारलं. मी म्हटलं, नाताळनंतर सांगते. वेर्नर हळूच म्हणाला, की मावशी, आता होच म्हणा. मी त्याला म्हटलं, रिंगण झालं तर नाही, न झालं तर हो, यात तुझं नि माझं काही नाही.

सिग्वाल्डनं ओढ्याकाठचं सीडरचं झाड आणलं. त्याच्यापेक्षा वीतभर उंच, एकट्यानं खांद्यावरून आणता येईल एवढं. न्हाव्यानं केस कापावेत तशा त्यानं खालच्या फांद्या छाटल्या होत्या. आणखी छाटलं असतं तर मेणबत्त्या लावायला जागा उरली नसती. आम्ही लाल-पांढऱ्या कागदाची विणलेली हृदयं टांगली, लहान झेंड्यांच्या माळा सोडल्या, मेणबत्त्या पेटवल्या. सिग्वाल्ड त्याच्या नेहमीच्या जागी, म्हणजे पाण्याच्या बादलीशी, लांब काठीला बांधलेला ओला स्पंज घेऊन उभा राहिला. त्या काठीचा त्याला फार अभिमान. आयुष्यात एकदाच ती उपयोगी पडली होती, तीही आमच्याच पाळकाच्या पेटलेल्या दाढीसाठी.

मग काठी ठेवून तो रिंगणात आला. आम्ही हात धरले आणि ज्वाळा बाहीला लागणार नाहीत एवढ्या अंतरावर सरकत गेलो. माझा उजवा हात सिग्वाल्डच्या हातात. डावा हात मी एस्टरकडे लांब केला, एस्टरनं तिचा उजवा माझ्याकडे. मध्ये एक माणूस मावेल एवढी फट राहिली. आम्ही पुढे सरकलो, तर किर्स्टिनेच्या शालीचा धागा जळाल्याचा वास आला. मागे आलो. पुन्हा हात ताणले. मार्टिनुसच्या खांद्यातून कडकन आवाज आला आणि तो म्हणाला, आता मी वाढलो बघा, पण फट तेवढीच राहिली.

वेर्नरनं खिशातून रुमाल काढला. "एक टोक तुम्ही धरा, एक एस्टर धरेल. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हटलं. "रुमाल म्हणजे माणूस नव्हे."

वेर्नरनं रुमाल घडी करून खिशात टाकला. मी नियम दर वर्षी मोठ्यानं म्हणायचे तेव्हा तो मला एखाद्या प्रार्थनेसारखा वाटायचा. तो एक दिवस खरा होईल असं मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. डावा हात अजून हवेत होता, आणि हात जिकडे होता तिकडे माझी नजर गेली. पूर्वेच्या खिडकीच्या खरवडलेल्या काचेमागे वालबोर्गचा चेहरा होता. इतकी वर्षं फक्त पावलं बघितलेली. चेहरा पहिल्यांदाच दिसला.

मी हात सोडून कोट न घालताच बाहेर पळाले. माझ्या वयाच्या बाईनं बर्फात पळू नये, पण पळाले. मला वाटलं ती पुलाकडे निघेल. ती निघाली नव्हती. उलट खिडकीपासून वळून दाराशी येत होती, आणि पायरीच्या अलीकडे येऊन थांबली.

"एक हात कमी पडला," ती म्हणाली. "मी मोजले."

"हो."

"मग आता पाडतील?"

"पाडतील."

ती दाराकडे बघत राहिली. दार उघडं होतं आणि आतून कॉफीचा आणि मेणाचा वास येत होता. हा वास तिला इतक्या वर्षांत इतक्या जवळून आला नसणार. तिची हनुवटी थरथरत होती. आमची आई चिडली की तशीच थरथरायची.

"एकच पाऊल आहे गं," वालबोर्ग म्हणाली. "देव काय एवढ्यासाठी..."

आणि तिनं पाय उचलला. काळा जुना बूट, त्याला चिकटलेला बर्फ. तो पायरीच्या वर हवेत होता. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. सभाघर वाचलं असतं, किल्ली माझ्याकडे राहिली असती, आणि माझ्या डाव्या हातात तिचा हात आला असता. चाळीस वर्षं मी दुसरं काही मागितलं नव्हतं. पण मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड मी ओळखते. लहानपणी एकदा तिनं माझ्यासाठी आईला खोटं सांगितलं होतं, तर आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं. आता हा शब्द मोडून ती घरी गेली असती, एकटीच त्या घरात बसली असती, लाउरित्सच्या खुर्चीसमोर.

"पाय खाली ठेव," मी म्हटलं.

"पेट्रेआ, अगं पण..."

"खाली ठेव म्हणते ना. तिथंच उभी राहा. हलू नकोस."

मी आत गेले. सिग्वाल्डला म्हटलं, झाड उचल. तो म्हणाला, पेटलेलं? मी म्हटलं, नाही, आधी त्याला आंघोळ घाल, इतकी वर्षं ती काठी मिरवतोस ना. त्यानं एकेक मेणबत्ती स्पंजानं विझवली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "अगं, मेणबत्त्या विझवल्याच आहेत तर आपण सहाजण जवळ सरकून इथंच..."

"सिग्वाल्ड," मी म्हटलं, "तू झाड उचल."

त्यानं उचललं. इतक्या वर्षांच्या लबाडीनं ते झाड एवढं लहान झालं होतं, की एक वाकलेला म्हातारा आणि एक म्हातारी मिळून ते दारातून सहज बाहेर काढू शकले. झेंड्यांची एक माळ दाराच्या खिट्टीत अडकून तुटली. आम्ही ते अंगणातल्या बर्फात खोचलं. वेर्नरनं भोवती बर्फ दाबला. किर्स्टिने आणि मार्टिनुस शाली गुंडाळून बाहेर आले. एस्टरला काय चाललंय ते कळलं तेव्हा ती रडायला लागली, आणि मी तिला सांगितलं की नियमात रडायला मनाई आहे. मेणबत्त्या पुन्हा लावायला बघितल्या, पण माळावरचा वारा त्यांना क्षणभर टिकू देईना. शेवटी नाद सोडला.

वालबोर्ग झाडाशी आली. "चालायचं फक्त," ती म्हणाली. "नाचायचं नाही."

"आमची वयं बघितलीस का? नाचलो तर मोडू."

तिनं हातमोजा काढला. मी डावा हात पुढे केला आणि तिनं धरला. गार होता, गाठी आलेला होता, आणि माझाच होता. एस्टरनं तिचा दुसरा हात धरला, आणि रिंगण पुरं झालं. आम्ही बर्फातून गात गात चाललो. वालबोर्गला सगळे शब्द अजून येत होते. दुसऱ्या फेरीला मार्टिनुसचा पाय घसरला आणि सगळं रिंगण एका बाजूला हेलपाटलं, तेव्हा वालबोर्ग हसली. मोठ्यानं हसली, सोवळ्यांच्या गावापर्यंत ऐकू जाईल अशी.

मग आम्ही थांबलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिग्वाल्ड म्हणाला, की रिंगण तर झालं. नियमात आत की बाहेर हे मॅड्सनं कुठं सांगितलंय? तो माझ्यासाठी बोलत होता, मला कळत होतं. पण मेणबत्त्या विझलेल्या होत्या, आणि घराचं रिंगण घरात होतं हे मॅड्सला वेगळं सांगायची गरज वाटली नसेल. बहिणीचा शब्द पाळायचा आणि आपला मोडायचा, हे मला जमणारं नव्हतं. मी अध्यक्ष म्हणून म्हटलं, की सभाघरात या वर्षी रिंगण पुरं झालं नाही, तेव्हा फळ्या वाटून घेऊ आणि आता केक खाऊ. केक आम्ही अंगणातच खाल्ला. बर्फात उभं राहून, हातमोज्यांनी कप धरून. वालबोर्गनं माझं बदामाचं बिस्किट खाल्लं आणि म्हणाली, लोणी कमी पडलंय.

मार्चमध्ये सभाघर उतरवलं. मी बघायला गेले नाही. मॅड्सचा दांडा एस्टरनं शाळेत नेला. खिडक्या मार्टिनुसनं कोंबड्यांच्या खुराड्याला लावल्या. मला काय हवं ते विचारलं तेव्हा मी म्हटलं, नाचायच्या जागेच्या फळ्या. टाचांनी गुळगुळीत झालेल्या मेपलच्या फळ्या होत्या त्या. सिग्वाल्डनं त्या माझ्या स्वयंपाकघरात, म्हणजे घराच्या दारातून आत आलं की लगेच, जुन्या जमिनीवरच ठोकून दिल्या. मी रोज सकाळी त्यांवरून अनवाणी चालायचे. कुणी नसलं की एखादी गिरकीही घ्यायचे. मला फार बरं वाटायचं.

वालबोर्गला मी मेमध्ये रस्ते सुकल्यावर रविवारी कॉफीला बोलावलं. पहिल्यांदाच. घर घासून पुसून लखलखीत केलं, या खेपेला लोणी जास्त घातलं. ती आली, दाराशी बूट पुसले, आत पाऊल टाकायला पुढे झाली आणि खाली बघत तशीच राहिली.

"या फळ्या कुठल्या, पेट्रेआ?"

मला तेव्हाच उमगलं. इतक्या महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. ज्या जागेमुळे बहीण मला दुरावली, ती जागा मी स्वतःच्या हातांनी घरात आणून, ठोकून, वर पॉलिश करून ठेवली होती. खोटं बोलता आलं असतं. एक फळी दुसरीसारखीच दिसते. पण ती या फळ्यांवर लहानाची मोठी झाली होती, तिला विचारायचीही गरज नव्हती. ती मला संधी देत होती, एवढंच.

"तिथल्याच," मी म्हटलं.

"मग मी इथं पायरीवर बसते. हवा छान आहे."

हवा छान नव्हती. आम्ही दोघी पायरीवर कोट घालून कॉफी प्यायलो. मला लाउरित्सचा राग आला, तिचा आला, बापाचा आला, आणि सर्वांत जास्त माझा आला. ती गेल्यावर मी बराच वेळ त्या जमिनीकडे बघत बसले. मग गोठ्यातून पहार आणली आणि दारालगतची पहिली फळी उपटली. खिळे असे किंचाळले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

पुढच्या रविवारी वालबोर्ग आली तेव्हा दाराच्या आत एक खुर्ची कशीबशी मावेल एवढी जुनी जमीन मोकळी होती. तिनं आत येऊन खुर्ची सरळ केली आणि बसली. उपटलेली फळी मी तोडून चुलीत घातली होती आणि तिच्यावरच कॉफी ठेवली होती. ते तिला सांगितलं. ती म्हणाली, जाळायला हरकत नाही, आमचा पाळक असता तर त्यानं काडी दिली असती.

तेव्हापासून असं चाललंय. ती यायच्या आधी फळ्या निघतात, चुलीत जातात, कॉफी होते. सभाघर असं थोडं थोडं करून आम्ही दोघी पिऊन टाकतोय, आणि तिची खुर्ची आत सरकतेय. आता टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत आली आहे. चुलीपर्यंत मात्र अजून बऱ्याच फळ्या उरल्यात, आणि त्या सभाघरात झाड उभं राहायचं त्याच्या आसपासच्या आहेत, मधल्या. त्यांवर मेणाचे डाग आहेत आणि पोरांच्या टाचांचे ठसे आहेत. त्यांत आमच्या दोघींचेही असणार. त्या माझ्याच्यानं लवकर निघत नाहीत. मागच्या रविवारी तर मी पहार हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. एक फळी जरा उचकटली, आणि परत खाली दाबून ठेवली.

वालबोर्ग आली. तिनं जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यात टेकवलेल्या पहारीकडे पाहिलं. खुर्ची मागच्या वेळी होती तिथंच होती. ती बसली आणि टेबलावरून तिनं हात लांब केला.

"राहू दे," ती म्हणाली. "इथून तुझा हात लागतो."